मानाची भिंत उभारताना: मतं नंतर, आधी यादी

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मंडळाच्या चिटणीसांचा आहे. त्यांच्या गावच्या फुटबॉल स्पर्धेला यंदा पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त मैदानाच्या कडेला मानाची भिंत बांधायची आणि बेळगाव-खानापूर भागातल्या पंचवीस जुन्या खेळाडूंची नावं तिच्यावर कोरायची असं ठरलं. पंधरा जणांची निवड समिती झाली आणि पहिल्याच बैठकीत वाद पेटला. शहरातल्यांची नावं जास्त, खेड्यातल्यांची कमी. एकाच मंडळाचे सात जण. गोल मारणारे सगळे आले, गोलकीपर एकही नाही. बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे छावणी भागातल्या, खेळाडूंना कुणी विचारलंच नाही. काही तरुणांचं म्हणणं, व्हॉट्सॲपवर सगळ्यांचं मत घ्या. शेवटी चिटणीसांनी विचारलंय, "सर, काहीही केलं तरी पक्षपात होणारच असेल, तर सरळ चिठ्ठ्या टाकून मोकळं होऊ का?"

चिठ्ठ्या टाकू नका. चिठ्ठीत पक्षपात नसतो हे खरं, पण पारखही नसते. ज्या माणसाने पंधरा वर्षं गुडघे फोडून घेतले, त्याचं नाव चिठ्ठीत निघालं म्हणून भिंतीवर आलं असं त्याच्या नातवंडांनी का ऐकावं?

मी सव्वीस वर्षं या भागात पंच म्हणून शिट्टी वाजवली आणि त्यानंतर तीन निवड समित्यांवर बसलो. त्या निवडींवर माझी सही आहे. त्यातून काही माणसं कशी सुटली हे मला फार उशिरा कळलं, म्हणून जरा लांबून सांगतो. तुमची सगळी चर्चा मतदान कसं घ्यायचं यावर चाललीय. अन्याय तिथे फार थोडा होतो. तो त्याच्या कितीतरी आधी, यादी करताना होऊन गेलेला असतो.

एका स्पर्धेचा अंतिम सामना होता. पावसाळा संपता संपताचे दिवस. पूर्ण वेळ झाली, जादा वेळ झाली, गोल नाही. टायब्रेकरवर, म्हणजे पाच-पाच पेनल्ट्यांवर, चार विरुद्ध तीन असा निकाल लागला. सामना संपल्यावर मी नेहमीप्रमाणे अहवाल लिहिला, त्याची कार्बन प्रत माझ्या वहीत राहिली. पुढे काही वर्षांनी एका संघटनेच्या सन्मान फलकासाठी आम्ही अकरा जण नावं काढत बसलो होतो. त्या सामन्याचा विषय निघाला आणि शेवटची, पाचवी पेनल्टी मारून चषक जिंकून देणाऱ्या सेंटर फॉरवर्डचं नाव एकमताने लागलं. टाळ्यासुद्धा वाजल्या.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घराला रंग काढला तेव्हा माळ्यावरून ती वही खाली आली. पान उघडलं. छापील रकाने: दोन्ही संघ, खेळाडूंची नावं, गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, ताकीद कोणाला, बाहेर कोणाला काढलं, मैदानाची स्थिती. टायब्रेकरसाठी मी खाली हाताने दहा ओळी आखल्या होत्या. जिथे गोल झाला तिथे मारणाऱ्याचं नाव. तीन ठिकाणी गोल नाही. एके ठिकाणी लिहिलंय 'बाहेर'. दोन ठिकाणी लिहिलंय 'अडवला'. कोणी अडवला, ते नाही. तसा रकानाच नव्हता आणि मला तो आखावासा वाटला नाही. विजेत्या संघाला चषक मिळाला तो त्या दोन 'अडवला'मुळे, आणि अक्षर माझंच होतं.

तो गोलकीपर आहे अजून. उमेदीची सगळी वर्षं त्याने खानापूरकडच्या कौलांच्या कारखान्यात काढली. मी त्याच्याकडे गेलो. उजव्या हाताची अनामिका दुसऱ्या पेराशी वाकलेली, ती सरळ होत नाही. चहाची बशी धरताना ते बोट बाहेर राहतं. त्या दोन पेनल्ट्यांविषयी विचारलं तर माणूस असा बोलायला लागला की जणू काल संध्याकाळची गोष्ट. "पहिला पोरगा पळत येताना एकदा डावीकडं बघून आला सर, तवा मी उजवीकडं गेलो. दुसऱ्याच्या वेळी ठिपक्याजवळ ओल होती. टेकूचा पाय सरकला की चेंडू मधूनच येणार. म्हणून मी उडी मारलीच नाही, नुसता उभा राहिलो." नुसतं उभं राहायला काय लागतं हे ज्याने कधी गोलात उभं राहून पाहिलंय त्यालाच कळेल.

आमच्या अकरा जणांच्या मनात या माणसाविषयी काडीचा आकस नव्हता. कुणी त्याच्या विरोधात मत दिलं नाही. त्याचं नाव चर्चेलाच आलं नाही. जे नाव यादीत नसतं त्याला कुणाला नाकारावंही लागत नाही, आणि समितीतले सगळेजण रात्री स्वच्छ मनाने झोपतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. 'फ्रान्स फुटबॉल' हे नियतकालिक 1956 पासून वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला बॅलन डी'ओर देतं. इतक्या वर्षांत तो मिळालेला गोलकीपर एकच, सोव्हिएत संघाचा लेव्ह याशिन, 1963 साली. बचावपटू हाताच्या बोटांवर: बेकेनबाउर दोनदा, झामर 1996 मध्ये, कानावारो 2006 मध्ये. शिवाय 1994 पर्यंत तो फक्त युरोपीय खेळाडूंसाठी होता. ब्राझीलच्या पेलेला तो कधी मिळाला नाही, कारण तो यादीत बसतच नव्हता. 1995 मध्ये नियम बदलला आणि त्याच वर्षी लायबेरियाच्या जॉर्ज वेआने तो जिंकला. मतदार रातोरात सुधारले नव्हते. यादीचं दार उघडलं होतं.

आपल्या देशातलं बघा. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून सुवर्णपदक घेतलं. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे. जर्नेल सिंग हे मुळात पोलादी बचावपटू. डोक्याला टाके असताना त्यांना पुढे खेळवलं आणि त्यांनी गोल केला. आता गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट बघा, इतक्या मोठ्या बचावपटूची आठवणसुद्धा आपण त्याने मारलेल्या गोलवरून सांगतो. त्याने किती गोल होऊ दिले नाहीत त्याची गोष्ट कुणाला पाठ नाही. फुटबॉलमधले अर्जुन पुरस्कार 1961 पासून सुरू झाले: बॅनर्जी, बलराम, चुनी गोस्वामी हे आधी, तिघेही पुढचे खेळाडू. मग जर्नेल सिंग, अरुण घोष, युसूफ खान. गोलकीपर पीटर थंगराज 1967 मध्ये, सातवे. यातला प्रत्येक जण त्या मानाला पात्र होता. मी बोलतोय ते आपल्या नजरेच्या सवयीबद्दल. नजर चेंडूबरोबर जाळ्यात जाते आणि तिथेच थांबते.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा आहे, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा. पण मानाच्या दालनाची रीत त्यांनी फार काटेकोर बसवली आहे, म्हणून ती अभ्यासण्यासारखी आहे. ओहायो राज्यात कॅन्टन गावी 1963 पासून त्यांचं दालन आहे. तिथे जेरी क्रेमर नावाच्या एका गार्डची कथा आहे. गार्ड म्हणजे चेंडूला हातही न लावता समोरच्याला रोखून आपल्या माणसाला वाट करून देणारा. 1969 मध्ये त्यांच्या लीगच्या पहिल्या पन्नास वर्षांचा सर्वोत्तम संघ निवडला गेला त्यात क्रेमर होता. दालनात त्याचं नाव लागलं 2018 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. फक्त लाथ मारून चेंडू उडवायला मैदानात येणाऱ्या खेळाडूंचंही तेच. गोलसाठी लाथ मारणारा यान स्टेनरुड 1991 मध्ये आला, लाथेने चेंडू लांब उडवून देणारा रे गाय 2014 मध्ये. तिथे अभ्यासू पत्रकार मतदार आहेत, प्रत्येक उमेदवारावर तास न् तास चर्चा होते. तरी असं होतं. मग आपण पंधरा जण चहा-भज्यांवर दोन तासांत पंचवीस नावं काढणार असू तर काय होणार?

म्हणून पहिलं सांगणं. पुढची बैठक रद्द करा. तीन महिने मतदानाचं नाव काढू नका. या तीन महिन्यांत फक्त यादी. पाच-पाच वर्षांचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्यासाठी गोलकीपर, बॅक (बचावातले), हाफ (मधले), फॉरवर्ड (पुढचे) अशी वेगळी पानं ठेवा. कुठलं पान कोरं राहिलं तर त्या काळात चांगला गोलकीपर नव्हता असा त्याचा अर्थ घेऊ नका. त्या पानासाठी कुणाच्या तरी दारात जायचं राहिलंय एवढाच अर्थ. प्रत्येक जागेसाठी राखीव कोटा ठेवा असं मी म्हणत नाही. भिंतीवर कोण जाईल ते गुणांवर ठरू दे. पण यादीत सगळ्या जागांची माणसं आलीच पाहिजेत.

आणि विचारायला जाल तेव्हा खेळाडूच्या मित्राला विचारू नका, त्याच्या मंडळाला तर नकोच. जे त्याच्याविरुद्ध खेळले त्यांना विचारा. हा माझा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. जुन्या विंगरला, म्हणजे कडेने चाल करणाऱ्याला, विचारा, "तुला कुठला बॅक नको वाटायचा?" तो क्षणभर गप्प बसेल आणि एक नाव सांगेल. चार वेगवेगळ्या गावच्या विंगरांनी तेच नाव सांगितलं तर ते नाव मोठ्या अक्षरांत लिहा, त्या बॅककडे एकही प्रमाणपत्र नसलं तरी. मित्र स्तुती करतो, प्रतिस्पर्धी साक्ष देतो.

प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे. समितीने अर्ज मागवले आणि सोबत प्रमाणपत्रं जोडा म्हटलं की निम्मी माणसं तिथेच गळतात. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत पत्र्याच्या पेटीतला कागद किती वर्षं टिकतो? वाळवी, ओल, भावाभावांच्या वाटण्या. ज्याचं घर पक्कं, ज्याचा मुलगा शिकलेला, त्याची फाइल जाडजूड. खेळाशी याचा संबंध काय? अर्ज मागवू नका. समितीने स्वतः शोधायचं. कागद नसेल तिथे तीन साक्षी घ्या, त्यातला निदान एक विरुद्ध संघातला, आणि साक्ष सही-तारखेनिशी लिहून ठेवा.

यापुढचं जरा नाजूक आहे, पण बोलायलाच हवं. आपली साधनं कुठल्या भाषेतली आहेत? मंडळांच्या स्मरणिका मराठीत. कात्रणं मराठी दैनिकांची. बेळगावात 1919 पासून 'तरुण भारत' आहे, त्याची कात्रणं लोकांनी वहीत चिकटवून जपली आहेत, ती सोन्यासारखी आहेत. पण फक्त त्यांच्यावर यादी बेतली तर कॅम्पातला कोंकणी बोलणारा ख्रिस्ती हाफ, उर्दू बोलणारा मुसलमान लेफ्ट विंगर, पलीकडच्या गल्लीतला कन्नड बॅक हे कुठे सापडणार? त्यांच्या आठवणी दुसऱ्या भाषेत आहेत. कॅम्पातल्या सेंट पॉल शाळेसारख्या ठिकाणी फुटबॉलची परंपरा किती जुनी आणि किती खोल आहे हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. लेले मैदानावर पावसात उभे राहून आपण त्याच खेळाडूंना ओरडून प्रोत्साहन दिलंय, त्यांची टोपणनावं आपल्या तोंडी होती. मैदानावर आपले आणि कागदावर परके, असं होऊ देऊ नका.

सीमाभागातल्या मराठी माणसाला हे मी जास्त हक्काने सांगतो. गणतीतून सुटणं, आपलं नाव आपल्या भाषेत न दिसणं म्हणजे काय असतं ते आपण तीन पिढ्या अंगावर काढतोय. ज्याला ही कळ माहीत आहे त्याने ती दुसऱ्याला द्यायची नाही. तुमच्या समितीत कॅम्पातला एक जुना खेळाडू आणि एक कन्नड भाषिक जाणकार आजच घ्या. नुसते नावाला नकोत, यादी करायच्या कामाला. भिंतीवर नावं मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत कोरा.

दुसरी गोष्ट हद्दीची. 'आपला खेळाडू' कोणाला म्हणायचं हे आधी लिहून ठेवा, नाहीतर ऐन वेळी एकेका नावावर नियम बदलतील. आपला जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, त्या राज्याचं नाव 1973 मध्ये कर्नाटक झालं. चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यातून निघून पुढे कोल्हापूर जिल्ह्यात राहिला. म्हणजे 1950 साली इथल्या मैदानावर खेळलेला चंदगडचा मुलगा कोणाचा? निपाणीकडचा खेळाडू, ज्याने नाव काढलं ते कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एखाद्या तालमीच्या संघाकडून, तो कोणाचा? त्याला कोल्हापूरवाले बाहेरचा म्हणतात आणि आपण कोल्हापूरचा म्हणतो. दोन्ही याद्यांतून तो जातो. माझं मत असं: जन्म कुठला, आज राज्य कुठलं हे बघू नका. इथल्या मैदानांवर निदान पाच हंगाम खेळला असेल, किंवा इथे खेळ शिकून बाहेर नाव काढलं असेल, तर तो आपला. ही ओळ समितीच्या इतिवृत्तात पहिल्या पानावर घाला.

फौजेतल्यांचं वेगळं लिहितो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात आहे आणि आपल्या खेड्यांतून किती पोरं भरती झाली त्याला गणती नाही. त्यातले चांगले खेळाडू पलटणीच्या संघात गेले, काही त्याच्याही वर. ते इथल्या स्पर्धेत दिसायचे ते सुट्टीवर आले तरच. प्रेक्षकांच्या आठवणीत ते नाहीत. अशांच्या घरी जा, त्यांच्या बरोबरच्या जवानांना फोन करा. आपल्या मैदानावर कमी सामने दिसले हा त्यांचा उणेपणा धरू नका.

मुलींविषयी तुमच्या पत्रात एक ओळही नाही. पंचवीस नावांत एकही मुलगी नाही हे कुणाला खटकलं नाही याचंच मला वाईट वाटलं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1921 मध्ये आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली, ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. त्या बंदीच्या काळात लिली पार खेळत राहिली. इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयाने 2002 मध्ये मानाचं दालन सुरू केलं तेव्हा त्यातली पहिली स्त्री तीच होती. आपल्या देशाच्या मुली 1980 आणि 1983 च्या आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. शांती मलिकना 1983 चा अर्जुन मिळाला, फुटबॉलमध्ये तो मिळवणारी पहिली मुलगी. हे सांगायचं कारण असं की 'किती स्पर्धा जिंकल्या' हा निकष मुलींना लावला तर उत्तर कमीच येणार. स्पर्धाच भरवल्या नव्हत्या, जिंकणार काय? ज्या काळात खेळायला मैदान मिळत नव्हतं त्या काळात ती खेळत राहिली, हीच तिची कामगिरी म्हणून मोजा. तुमच्या तालुक्यातल्या शाळांच्या खेळ शिक्षिकांना विचारा. नावं आहेत.

प्रशिक्षकांसाठी दोन-तीन जागा वेगळ्या ठेवा. सय्यद अब्दुल रहीम यांनी भारताला 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान मिळवून दिलं. 1963 मध्ये ते गेले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 मध्ये. रकाना उशिरा आखला की माणूस त्याआधीच निघून जातो.

आता मतदान. इथे भावना कमी आणि हिशेब जास्त आहे, म्हणून नीट वाचा. तुमच्या ठरावानुसार पंधरा जणांनी प्रत्येकी पंचवीस नावांवर खूण करायची आणि सर्वाधिक मतांची पंचवीस घ्यायची. समजा आठ जणांनी आधीच बसून एकच यादी पक्की केली. त्या यादीतल्या प्रत्येक नावाला आठ मतं. उरलेल्या सात जणांनी कितीही एकी केली तरी त्यांच्या नावांना सातच. म्हणजे आठ जण सगळ्या पंचवीस जागा घेतात आणि सात जणांना एकही मिळत नाही. यात गैर काही केलं नाही, नियमच तसा आहे. 'एकाच मंडळाचे सात' हा तुमचा प्रश्न बहुधा इथूनच आलाय.

त्याऐवजी प्रत्येक नाव सुटं सुटं मताला टाका. या खेळाडूचं नाव भिंतीवर असावं की नसावं, एवढाच प्रश्न. पंधरापैकी अकरा हो आले तर नाव लागलं. मग आठ जणांच्या गटाला बाहेरच्या तिघांना पटवून द्यावं लागतं, आणि पटवायचं तर पुरावा आणावा लागतो. एका सदस्याने किती नावांना हो म्हणायचं याला मर्यादा घालू नका. कॅन्टनला उंबरठा ऐंशी टक्के आहे आणि वर मतांनाही मर्यादा. 2025 साली शेवटच्या फेरीत एका गटात सात नावं होती आणि प्रत्येक मतदाराला पाचच निवडायची होती. दुसऱ्या गटात पाच नावं होती आणि निवडायची तीन. मतं विखुरली, आणि त्या वर्षी जेमतेम चार जण आत गेले. नाव लायक नव्हतं म्हणून ते राहिलं, की मताची संख्या संपली म्हणून, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

अकराच्या नियमाची एक खोट आहे, ती लपवत नाही. पाच जण ठरवून एखाद्याला अडवू शकतात. त्यावर दोन उपाय. नाही म्हणणाऱ्याने गुप्त मतपत्रिकेवरच एका ओळीत कारण लिहायचं, नाव न घालता. आणि सात किंवा जास्त मतं मिळूनही राहिलेलं नाव पुढची तीन वर्षं आपोआप पुन्हा मताला येणार. त्यासाठी पंचवीस जागा या वर्षीच भरू नका. यंदा दहा-बारा भरा, बाकी दगड कोरे ठेवा. पन्नासाव्या वर्षाची घाई मला समजते, पण कोरा दगड चुकीच्या नावापेक्षा बरा, आणि सुटलेल्या माणसाला त्यात जागा राहते.

बोलण्याचा क्रमही मतं फिरवतो. बैठकीत आधी ज्येष्ठ बोलतात, आपली रीत आहे, ती चांगली आहे. पण अध्यक्षांनी "तो काय, ठीक होता" म्हटलं की पुढचे चौदा जण त्या ठीकच्या आसपासच बोलतात. मी पाहिलंय. म्हणून प्रत्येकाने आधी आपलं मत कागदावर लिहून घडी घालून ठेवायचं, मग चर्चा, मग हवं तर दुसरा कागद. नावं चर्चेला कोणत्या क्रमाने घ्यायची, त्यासाठी मात्र चिठ्ठ्या जरूर टाका. पहिल्या पाच नावांवर अर्धा अर्धा तास बोलणं होतं आणि जेवणाची वेळ झाली की शेवटची दहा पाच मिनिटांत उरकतात.

व्हॉट्सॲपच्या मताविषयी. फिफाने 2000 साली शतकाचा सर्वोत्तम खेळाडू निवडताना इंटरनेटवर लोकांचं मत घेतलं. मॅराडोनाला निम्म्याहून जास्त मतं पडली, पेलेला पाचात एकही धड नाही. ज्यांनी पेलेला खेळताना पाहिलं त्यातले बरेच तेव्हा इंटरनेटवर नव्हते. शेवटी फिफाने जाणकारांची वेगळी निवड पेलेला देऊन पुरस्कार दोघांत वाटला. मॅराडोना थोर होताच. पण ज्या गावात मोबाइलची रेंज चांगली त्या गावचा खेळाडू थोर, असं तुमचं होईल. तरुणांचा उत्साह यादीच्या कामाला लावा. त्यांना मोबाइल घेऊन म्हाताऱ्या खेळाडूंकडे पाठवा, बोलणं रेकॉर्ड करू द्या.

स्वभावाचा मुद्दा कुणी ना कुणी काढणारच. कॅन्टनचा नियम मैदानावरचा खेळच बघा असा आहे, तरी टेरेल ओवेन्ससारखा विक्रमी खेळाडू दोन वर्षं बाहेर राहिला, संघातल्या वागण्यावरून बोलणी झाली. 2018 मध्ये त्याला घेतलं तेव्हा तो सोहळ्याला गेलाच नाही. माझाही एक अनुभव आहे. एका सामन्यात एका फॉरवर्डने मला छातीवर हात लावून ढकललं होतं, मी त्याला बाहेर काढलं. पुढे त्याचं नाव समितीसमोर आलं. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, मतदान संपेपर्यंत. त्याचं नाव लागलं आणि ते लागायलाच हवं होतं, इतका चेंडूवर ताबा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. तुमच्या समितीतही हाच नियम करा. भाऊ, मेहुणा, आपल्या मंडळाचा माणूस, जुना वैरी, यापैकी कुणाचं नाव आलं की सदस्य बाहेर. त्या नावापुरती समिती चौदाची किंवा बाराची, आणि उंबरठा उरलेल्यांच्या तीन चतुर्थांश.

देणगीदारांची नावं पायाच्या दगडावर घाला. खेळाडूंच्या ओळीत नकोत, रक्कम कितीही असो.

माझ्याकडे अहवालाच्या सात वह्या आहेत. पाने पिवळी पडलीत, दोन वह्यांना कडेने ओल लागलीय, पण संघांची नावं आणि अकराच्या अकरा खेळाडू वाचता येतात. कुणाला पाठवाल त्याला सांगा, रविवारी सकाळी या, घरीच असतो. इथे बसूनच फोटो काढा, वह्या बाहेर देत नाही. आणि तिसरी वही आधी उघडा. टायब्रेकरच्या त्या पानावर 'अडवला'च्या पुढे मी आता निळ्या शाईने त्याचं नाव लिहिलंय, दोन्ही ठिकाणी. शाई नवी दिसते म्हणून पुरावा खोटा समजू नका, खाली माझी सही आणि आजची तारीख आहे.